उलटी वल्ही

मराठी माणसाच्या सहलीला ‘पॉइंट’ लागतात. सनराइज पॉइंट, सनसेट पॉइंट, मधल्या वेळेला इको पॉइंट, आणि प्रत्येक ठिकाणी दहाच मिनिटं, कारण खाली गाडीवाला हॉर्न वाजवत असतो. त्यामुळे “या वेळी मुलं घरी ठेवायची, फक्त जोडप्यांनी जायचं, मोंटानातली एखादी नदी धरायची, होडीत बसून वाहत जायचं, जमले तर मासे पकडायचे आणि बाकी काहीही करायचं नाही,” असं माझ्या नवऱ्याने सिअ‍ॅटलच्या आमच्या कंपूत जाहीर केलं तेव्हा पहिला प्रश्न आला, “तिथे पॉइंट कोणते आहेत?”

प्रश्न नागपूरकरांचा. कंपूतल्या तीन जोडप्यांची ओळख मी गावांवरूनच करून देणार आहे, म्हणजे पुढे कुणाशी वाकडं यायला नको. नागपूरकर, मालवणकर आणि आम्ही पुणेकर. नागपूरकर प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. पाऊस, नदी, मासे यांपैकी कशावरही त्यांचा विश्वास नाही, तो फक्त एक्सेलवर आहे. मालवणकर समुद्राच्या गाजेत वाढले, त्यामुळे माशांबद्दल दुसरं कुणी बोलायला लागलं की ते डोळे मिटून घेतात. आणि माझा नवरा कर्वेनगरचा. त्याने जिवंत मासा जवळून पाहिला तो दंतवैद्याच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत. पण त्याने ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ हा सिनेमा पाहिला होता. रॉबर्ट रेडफर्डच्या या १९९२च्या सिनेमात ब्रॅड पिट सोनेरी उन्हात, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून डोक्यावर दोरीची वेटोळी सोडतो. तेव्हापासून मोंटानात गळ घेऊन जाणाऱ्यांची जी रीघ लागली ती अजून ओसरलेली नाही. त्या सिनेमातली गोष्ट ब्लॅकफूट नदीवरची आहे आणि चित्रण बरंचसं गॅलटिन नदीवर झालं, हे मी नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “पाणी ते पाणी.”

लगेच ग्रुप निघाला. नाव ठेवलं ‘निवांत’. पहिल्याच रात्री ‘निवांत’ इतका वाजत राहिला की झोप हवी म्हणून तो बंद करावा लागला.

आधी तारीख ठरवायची होती. मे-जूनमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळतं आणि तिथल्या बहुतेक नद्या गढूळ होऊन दुथडी वाहतात. जूनच्या अखेरीला सामनफ्लाय निघते. ही माशी तीन-चार वर्षं नदीच्या तळाशी दगडांखाली अळीच्या रूपात काढते, मग पंख फुटून एकदम हवेत येते. बोटाएवढा तो घास पाहून मासे वेडे होतात, माशांमागे माणसं वेडी होतात आणि गावात खोली मिळत नाही. सप्टेंबर उत्तम, पण सप्टेंबरात मंडळाचा गणपती आणि सजावटीची जबाबदारी मालवणकरांवर. उरला ऑगस्ट.

“ऑगस्टात श्रावण आसा,” मालवणकर म्हणाले. “श्रावणात आमी मासे खाणव नाय.”

“खायचे नाहीतच,” नवरा म्हणाला. “पकडायचे आणि परत पाण्यात सोडायचे. तिथली रीतच आहे.”

मालवणकरांनी डोळे उघडले. “सोडूचे? मगे धरूचे कित्याक?”

या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही फ्लाय फिशरकडे उत्तर नाही. पण मालवणकरीण व्यवहारी बाई आहे. मारायचा नाही, कापायचा नाही, खायचा नाही, म्हणजे श्रावण मोडत नाही, असा निकाल तिने दिला. मी शाकाहारी, नागपूरकरीण शाकाहारी, आम्हालाही मासेमारीचा हा सोवळा प्रकार पसंत पडला. ऑगस्ट ठरला.

मग नदी. नागपूरकरांनी तक्ता केला. पहिली स्मिथ. एकोणसाठ मैल दरीतून वाहत जायचं, सर्वांसाठी उतरायची जागा एकच, बाहेर पडायची जागा एकच, मध्ये चार दिवस तंबूत मुक्काम. नदीत उतरायला परवाना लागतो आणि तो सोडतीत निघतो. नवरा हरखून गेला. मी फक्त विचारलं, “चार दिवस शौचाची सोय काय?” नागपूरकरांनी शोधलं. २०२३पासून नियम झाला आहे की आपलं आपणच डब्यात भरून बरोबर न्यायचं. तिन्ही बायकांनी एकमुखाने स्मिथ नदी तक्त्यातून काढून टाकली. ‘निवांत’ ग्रुपवर एकमताने झालेला हा एकमेव ठराव.

यलोस्टोन नदी भव्य. अलास्का वगळता अमेरिकेतली धरण न बांधलेली सर्वांत लांब नदी. पण ‘धरण नाही’ हे वाक्य नागपूरकरांच्या जोखमीच्या रकान्यात लाल झालं. बिगहॉर्न फार पूर्वेला. अखेर मॅडिसन. ही यलोस्टोन नॅशनल पार्कात फायरहोल आणि गिबन या दोन नद्यांच्या संगमातून निघते, दोन-तीन तलावांतून जाते आणि थ्री फोर्क्सला जेफरसन व गॅलटिन यांना मिळून त्यांची मिसूरी होते. १८०५ मध्ये शोधमोहिमेवर निघालेले लुइस आणि क्लार्क तिथे पोचले तेव्हा त्यांनी एका नदीला राष्ट्राध्यक्षांचं, दुसरीला परराष्ट्रमंत्र्यांचं आणि तिसरीला अर्थमंत्र्यांचं नाव देऊन टाकलं. मोहिमेचा खर्च सरकारी होता हे लक्षात घेतलं की नावं कशी सुचली ते कळतं.

मॅडिसनचा मधला, एनिस गावाकडे येणारा पट्टा जवळपास पन्नास मैल सतत खळाळता आहे. फार खोल नाही, फार भयंकर नाही. खालचा पट्टा संथ आणि उथळ एनिस लेकमधून तापून आलेला, उन्हाळ्यात ट्यूबवर लोळत जाण्यासाठी प्रसिद्ध. वर मासे, खाली लोळणं. नदी ठरली.

सामानाची जबाबदारी पुरुषांनी आनंदाने उचलली, म्हणजे सामान विकत घेण्याची. साधा गळ आपल्याला ठाऊक असतो. टोकाला शिशाचं वजन, ते फेकलं की दोरी मागून जाते. फ्लाय फिशिंगचा कारभार उलटा. टोकाला पिसांची आणि केसांची बांधलेली नकली माशी, तिला वजनच नाही. वजन दोरीला. ती दोरी पोतराजाच्या आसुडासारखी आधी मागे, मग पुढे उलगडायची आणि शेवटी माशी पाण्यावर अशी टेकवायची की माशाला वाटावं, बिचारी वाऱ्याने पडली. यासाठी नऊ फुटी रॉड, रीळ, जाड दोरी, दोरीला निमुळती लीडर, लीडरला त्याहून बारीक टिपेट. नवऱ्याने मला प्रत्येकातला फरक समजावून सांगितला. मी प्रत्येकाची किंमत पाहिली.

नकली माश्यांची डबी हे वेगळंच प्रकरण. वुली बगर, चबी चेर्नोबिल, सॅन वान वर्म. चेर्नोबिल नावाचा पदार्थ कुणी मासा आवडीने खात असेल यावर माझा विश्वास बसेना, पण तो ऑगस्टातल्या नाकतोड्याचा फोमचा अवतार आहे आणि माशांना नाव वाचता येत नाही. एक होती रॉयल वुल्फ. ली वुल्फ या नामांकित मासेमाराचं नाव तिला चिकटलं आहे. त्याची बायको जोन वुल्फ हिने १९६० मध्ये दोरी १६१ फूट लांब फेकून दाखवली, आणि १९७९ मध्ये दोघांनी मिळून न्यूयॉर्क राज्यात फ्लाय फिशिंगची शाळा काढली. माशीला नाव नवऱ्याचं, लांब फेक बायकोची. हे मी माझ्या नवऱ्याला दोनदा सांगितलं.

या माश्यांसाठी खास पैदास केलेल्या कोंबड्यांची लांब पिसं लागतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या बायकांना केसांत तीच पिसं माळायची लहर आली, ब्यूटी पार्लरवाल्यांनी मासेमारीच्या दुकानांतला साठा उचलला आणि माश्या बांधणारे पुरुष हवालदिल झाले. नागपूरकरीण हे ऐकून म्हणाली, “एक वर्ष आम्ही त्यांच्या दुकानात गेलो तर किती बोभाटा! ते तर दर महिन्याले जातात.”

एवढं सगळं घरी येऊन पडलं आणि मग माशी शिंकली. रॉड, रीळ, दोरी, माश्या, सगळं गाइड देतो असं गाइडच्या पहिल्याच पत्रात लिहिलेलं होतं. पत्र मी वाचलं होतं. ग्रुपवर टाकलंही होतं. पण तेव्हा तिथे रॉड कार्बनचा की फायबरग्लासचा यावर चर्चा चालू होती.

बायकांकडे ‘बाकीचं किरकोळ’ आलं. त्या किरकोळीत परवाने होते. मोंटानाबाहेरच्या माणसाला तीन वेगवेगळ्या पावत्या फाडाव्या लागतात, एक निसर्गरक्षणाची, एक पाण्यातल्या परक्या जिवांना अटकाव करण्याची, एक मासे पकडण्याची. सहा माणसं, अठरा पावत्या. मग पोलराइज्ड चष्मे, कारण त्यातून पाण्यातला मासा दिसतो आणि मागच्याचा गळ आपल्या डोळ्यात जात नाही. लांब बाह्यांचे शर्ट. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूसासऱ्यांची औषधं, त्यांना अडीनडीचे नंबर, मुलांना सासूसासऱ्यांच्या पथ्याची यादी. मोंटानात नदीकाठी सरकारने केलेल्या उतरायच्या जागांपैकी कुठे कुठे संडास आहे याचा नकाशा. आणि अस्वलासाठी फवारा, कारण मॅडिसनच्या खोऱ्यात ग्रिझली फिरतात. तो फवारा डासांच्या औषधासारखा आधीच अंगाला लावायचा असतो, अशी नागपूरकरांची समजूत होती. ती वेळेवर दूर केली, म्हणून ते आज आपल्यात आहेत.

दशम्या आणि लसणाची चटणी न्यायची का, यावर खल झाला. ग्रिझलीला सुगंध मैलांवरून येतो म्हणतात. “कांदा-लसूण मसाला त्याने कधी हुंगला नसेल,” मालवणकरीण म्हणाली, “तो पळूनच जाईल.” चटणी निघाली.

सिअ‍ॅटलहून एनिस साडेसहाशे मैलांच्या वर. स्नोक्वाल्मी घाट, मग गव्हाची न संपणारी शेतं, स्पोकॅन, आयडाहोचा चिंचोळा पट्टा, आणि लुकआउट पास ओलांडला की मोंटाना लागतं आणि घड्याळ एक तास पुढे जातं. गेलेल्या त्या तासाचा हिशेब नागपूरकर पार ब्यूटपर्यंत मागत होते. त्यांचा मूड सुधारला तो मोंटानात विक्रीकर नाही हे कळल्यावर. “म्हणजे रॉड इथं घेतले असते तर दहा टक्के वाचले असते!” ते ओरडले. आमच्या गाडीत शांतता पसरली, कारण नवरा बाहेर बघत होता.

एनिसच्या वेशीवर पाटी आहे. लोकसंख्या ८४०, ट्राउट १,१०,००,०००. ट्राउट कुणी मोजले हे विचारायचं नसतं. पण नागपूरकरांनी फोन काढला. “माणशी तेरा हजारांच्या वर मासे. आपल्याला एक तरी लागायला हरकत नाही बे!”

आता खरा पेच. एका होडीत गाइड आणि दोनच माणसं. म्हणजे तीन होड्या, आणि होडीमागे दिवसाला सातशे डॉलरच्या आसपास, वर टिप. कोण कुणाबरोबर बसणार? जोडप्यांची सहल म्हटल्यावर उत्तर उघड असायला हवं, पण प्रश्न येताच सहाही जणं मेनू वाचायला लागली. मला मालवणकरणीबरोबर बसायचं होतं. नवऱ्याला मालवणकरांबरोबर, कारण त्याला अनुभवी माणूस हवा होता. मालवणकरांना कुणीच नको होतं. राहिले नागपूरकर पतिपत्नी, आणि ‘आपण उरलो’ हे दोघांनाही लागलं. शेवटी तक्ताच कामी आला. सकाळी लग्नाप्रमाणे, जेवणानंतर आवडीप्रमाणे.

गाइडने पहाटे साडेपाचला बोलावलं होतं. निवांत सहलीत साडेपाच का? तर ट्राउट हा थंड पाण्याचा जीव. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, आणि झुंज देऊन दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. म्हणून सलग तीन दिवस पाणी ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या २३ सेल्सियसला पोचलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करतात. मासे दोनला दुकान बंद करतात ही गोष्ट माझ्या नवऱ्याला अजिबात खटकली नाही. पुण्याबाहेर आपली संस्कृती पाळली जातेय, याचं त्याला समाधान वाटलं. आणि पहाटे मॅडिसन रांगेवर ऊन आलं तेव्हा नागपूरकरांनाही एक सनराइज पॉइंट मिळाला. त्यांनी दहा मिनिटं पाहिला.

आमची गाइड विशीतली मुलगी निघाली. नवऱ्याने तिच्या मागे कुणी पुरुष येतोय का ते पाहिलं. मेन राज्याने १८९७ मध्ये नोंदणीकृत गाइडचा पहिला परवाना दिला तो कॉर्नेलिया क्रॉस्बी नावाच्या बाईला, हे मी त्याच्या कानात सांगितलं. तो पुढच्या खुर्चीत जाऊन बसला. पुढच्या खुर्चीतल्याला नवीन पाणी आधी मिळतं, हे त्याने वाचलं होतं.

ड्रिफ्ट बोट ही ओरेगनच्या मकेंझी नदीवर घडलेली होडी. तळ सपाट, दोन्ही टोकं वर उचललेली, पाण्यावर पानाएवढी हलकी बसते. मधोमध गाइड. आणि इथे मला या खेळाचं मर्म दिसलं. ती आमच्यासारखी पुढे तोंड करून बसली होती, प्रवाहाच्या दिशेने, पण वल्ही मारत होती उलटी. आपण समजतो वल्ही मारली की होडी पळते. ही बाई सकाळपासून दुपारपर्यंत होडी पळू नये म्हणून वल्ही मारत होती. नदी आम्हाला ओढून नेत होती आणि ती धरून ठेवत होती, म्हणजे आमची माशी पाण्याच्या वेगाने आरामात वाहावी. नवरा पाय पसरून म्हणाला, “बघ, कसं आपोआप चाललंय.” तिच्या दंडाच्या शिरा त्याला दिसत नव्हत्या. त्या त्याच्या पाठीमागे होत्या.

माशी पाण्यात टाकणं हा अर्धाच भाग. दोरी प्रवाहात अडकून माशीला ओढायला लागली की ट्राउट ओळखतो, ही वाऱ्याने पडलेली नाही. म्हणून मधूनमधून दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची. गाइड ओरडायची, “मेंड!”

“आत्ताच केलं ना?” नवरा म्हणायचा.

“मेंड!”

“पण का?”

‘का’ विचारून होईपर्यंत माशीभोवती पाणी गरगरायचं आणि खाली एक लांबट सावली वळून निघून जायची. मला ‘का’ पडत नव्हतं. ती मेंड म्हणाली की मी मेंड करत होते, ती उचल म्हणाली तेव्हा उचललं, आणि रॉड एकदम वाकून थरथरायला लागला. हातभर लांब रेनबो ट्राउट, अंगावर गुलाबी पट्टा. तिने जाळं पाण्यातच ठेवलं, हात आधी भिजवले, कारण कोरड्या हातांनी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग जडतात. काटा बिनकुसळाचा, अलगद निघाला. एक फोटो, आणि मासा गेला.

“नवशिक्यांचं नशीब,” नवरा म्हणाला. गाइडने नम्रपणे सांगितलं की पहिल्या दिवशी बायकांनाच जास्त मासे लागतात, कारण त्या सांगितलेलं ऐकतात. हे वाक्य मोंटानातला प्रत्येक गाइड बोलून दाखवतो म्हणे. नवऱ्याने ते ऐकलं नाही.

जेवायला तिन्ही होड्या एका बेटाला लागल्या. मोंटानात १९८५च्या कायद्याने नदीच्या नेहमीच्या भरल्या पाण्याच्या खुणेपर्यंतचा काठ सगळ्यांना खुला आहे, शेत कुणाचंही असो. नागपूरकर ती खूण शोधून तिच्या आतच जेवायला बसले. गाइडांनी शाकाहारी म्हणून जे सँडविच आणलं होतं त्यातून टर्की काढून घेतलेली होती, एवढाच शाकाहार. दशम्या निघाल्या. तिन्ही गाइडांनी लसणाची चटणी खाल्ली आणि तिघांनीही पाण्याकडे धाव घेतली.

मालवणकरांना एक व्हाइटफिश लागला होता. ट्राउटवाले त्याला हिणवतात, पण तो इथला मूळचा. बाकी रेनबो पॅसिफिककाठच्या नद्यांतून आणलेला, आणि ब्राउन ट्राउटची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून बोटीने अमेरिकेत आली. “म्हणजे हेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले!” नागपूरकरांना उमाळा आला. “यांचं ग्रीन कार्ड झालं का?” गाइडने सांगितलं की याच मॅडिसनवर एका सरकारी शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, हॅचरीतले मासे सोडले की नदीतले मासे घटतात. म्हणून १९७४ पासून मोंटानाने अशा नद्यांत मासे सोडणं थांबवलं. आता आहेत ते सगळे इथेच जन्मलेले. “जन्माने नागरिक!” नागपूरकर म्हणाले आणि बराच वेळ पाण्याकडे असूयेने बघत बसले.

मालवणकरीण सांगत होती, की तो व्हाइटफिश हातात आल्यावर हा त्याला उलटापालटा करून बघत राहिला. कल्ला पाहिला, पोट दाबून पाहिलं. रापणीला अख्खा गाव दोर ओढतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला मासा येतो, त्या काठावरचा हा माणूस. पकडलेला मासा हाताने परत पाण्यात सोडणं त्याच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. गाइड अदबीने थांबला होता. शेवटी मालवणकर मासा पाण्याजवळ नेऊन म्हणाले, “जा बाबा. गणपती झाले काय बघतंय तुका.”

जेवणानंतर आवडीप्रमाणे बसलो. बायकांच्या होडीत मासे लागत होते, पुरुषांच्या होडीतून ते का लागत नाहीत याची कारणं ऐकू येत होती. मॅडिसनचं खोरं वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि दुपारी वारा सुटल्यावर नवऱ्याची माशी मालवणकरांच्या टोपीत बसली. त्या दिवसातली त्याची सर्वांत मोठी शिकार ती. दोनला सगळ्यांनी रॉड आवरले.

दुसऱ्या दिवशी खालच्या मॅडिसनवर गाइड नव्हता. वॉर्म स्प्रिंग्जला पाण्यात उतरायचं, ब्लॅक्स फोर्डला बाहेर पडायचं, बोझमनच्या कॉलेजातली पोरंसुद्धा करतात. वल्ही मात्र आपल्या हातात. मालवणकर दांपत्याने दोघांची हवेची कयाक घेतली. या जातीच्या होड्यांना अमेरिकेत घटस्फोटाची होडी म्हणतात. दोघांनाही वल्हवता येत होतं, हीच अडचण. पुढची डावीकडे, मागचा उजवीकडे, आणि होडी स्वतःभोवती फिरत फिरत, मालवणी शिव्यांच्या ठेक्यात, आमच्या पुढे निघून गेली. आम्ही चौघं ट्यूब एकमेकींना बांधून लोळत होतो. खरा आराम तो. पाणी कोमट, आभाळ हे एवढं मोठं, आणि कुणी कुणाला काही समजावून सांगत नव्हतं.

ब्लॅक्स फोर्डला आधी नेऊन ठेवलेली गाडी उभी होती. तिची किल्ली वॉर्म स्प्रिंग्जला उभ्या केलेल्या गाडीत होती. नागपूरकरांच्या तक्त्यात या जोखमीची ओळ होती. पुढच्या रकान्यात ‘किल्ली खिशात ठेवणे’ असंही होतं. “लिहिलं तर मीच होतं न,” ते ओले उभे राहून म्हणत होते, आणि नागपूरकरीण बोझमनच्या पोरांच्या ट्रकमध्ये बसून वरची गाडी आणायला निघाली होती.

तुम्ही असा बेत करत असाल तर एवढं ऐका. नवराबायकोने एका होडीत खुशाल बसावं, पण वल्ही तिसऱ्याच्या हातात द्यावीत आणि त्या तिसऱ्याला भरपूर टिप द्यावी. रॉड विकत घेऊ नका. मासा धरण्याआधी हात भिजवा, पाणी तापलं असेल तर दोनच्या आधीच थांबा. भारतातल्यांनी मोंटानापर्यंत यायची गरज नाही. हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट आहे. परवाना काढा आणि काठावरून गळ टाका. तिथे होडी नाही, म्हणून भांडणही कमी. आणि कुठल्याही सहलीत सगळं आपोआप चाललंय असं वाटलं तर मागे वळून पाहा, कुणीतरी उलटी वल्ही मारत असतं. आमच्या सहलीनंतर “काय आराम झाला!” असं सगळ्यात मोठ्याने माझा नवरा म्हणाला. पुढच्या वर्षीची यादी त्यालाच करायला दिली आहे. तुम्हीही तसंच करा.